शिळं पाणी

ओस्त्रावात पाऊस काळा पडायचा.
सकाळी खिडकीच्या फळीवर बोट फिरवलं
की भट्ट्यांची रात्रपाळी बोटावर यायची.
म्हणून पावसाचं पाणी माशांना कधीच नाही,
आणि नळाचं तर नाहीच नाही.
नळाचं पाणी, ताता म्हणायचा, आमच्या साहेबासारखं :
चकचकीत, जड,
आणि जवळ गेलं की औषधाचा वास.

आठवडाभर तो सहाशे मीटर खाली.
रविवारी जुनी श्कोडा, मागे अकरा कॅन,
कॅनांच्या फटीत मी.
बेस्किदीच्या उतारावर, फरच्या मुळांखाली एक झरा,
त्याचा पत्ता आईलासुद्धा ठाऊक नव्हता.
मला न्यायचा, कारण मी रस्ताभर झोपायचे.

तळव्यावर साबण चोळून तो फेस बघायचा.
मग खिशातून काचेची नळी, औषधाची बाटली.
एक थेंब : लाल.
दोन : हिरवं.
"दोनात वळलं," तो स्वतःलाच सांगायचा.
माणसं जोखण्यात आयुष्यभर फसला,
पाणी कधी चुकलं नाही.

घरी आईच्या जॅमच्या पातेल्यात
ओकची पानं उकळायची, फिक्क्या चहाच्या रंगापर्यंत.
(एका वर्षी आलुबुखारांना दलदलीची चव होती.
आई त्याच्याशी नाताळपर्यंत बोलली नाही.)
अल्डरची बोंडं सात. आठ नाही.
निऑनच्या अंड्यांना उजेड सोसत नाही
म्हणून टाकीला चहूबाजूंनी वर्तमानपत्र,
पुढारी आतल्या बाजूला,
अंधाराकडे तोंड करून.

मी नऊ वर्षांची असताना
टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं.
ताता पाळीवर. मी तांब्या घेतला,
नळ सोडला, भरभरून ओतलं, मायेनं.
संध्याकाळपर्यंत सगळे कुशीवर.
अंगावरची निळी रेघ सगळ्यांत शेवटी विझते,
हे मला त्या दिवशी कळलं.
त्याने मोजले : बासष्ट. वहीत लिहिले.
मला काही बोलला नाही.
नळाखाली बादली भरली,
स्वयंपाकघराच्या अगदी मध्यात ठेवली,
जिथे प्रत्येकाला ठेच लागेल.
"हिला आज काही मागू नकोस. उद्या ये."

पाव ताजा हवा, दूध ताजं हवं,
बातमीसुद्धा.
पाणी तेवढं शिळं करावं लागतं.
दुसऱ्या दिवशी त्याने माझं नाक बादलीवर धरलं.
कसलाच वास नव्हता.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
त्याचं रक्त एका यंत्रातून फिरून येतं.
पहिल्याच दिवशी त्याने झ्दिस्लावला, त्या उंच नर्सला, विचारलं :
"ह्यात पाणी कुठलं?"
"नळाचंच. गाळून."
"किती गाळून? आकडा सांग."
झ्दिस्लाव हसला. पण पुढच्या बुधवारी
तंत्रज्ञाकडून आकडा तळहातावर लिहून आणला :
चार मायक्रोसीमेन्स.

ताता बराच वेळ छताकडे बघत होता.
"चार! चाळीस वर्षं मी डोंगर चढलो,
आणि इथे तळमजल्यावर, भिंतीतल्या नळीतून..."
मग मला हळूच, "बघ, एक कॅन देतात का."

देत नाहीत, नियम आहे.
शुक्रवारी झ्दिस्लाव मागच्या दारी उभा होता,
हातात काहीतरी कोटाखाली झाकलेलं.
मी ते पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला,
आणि गाडी इतकी सावकाश चालवली
की मागून ट्रामने घंटा वाजवली.

रात्री त्याचा फोन.
"तसंच ओतू नकोस. त्यात काहीच नाहीये.
काहीच नसलेल्या पाण्यात मासा जगत नाही.
आपलं नळाचं मिसळ, थोडं. शिळं."
बादली स्वयंपाकघराच्या मध्यात होतीच.
माझा मुलगा दोनदा तिच्यावर अडखळला,
दोनदा मला काहीबाही बोलला.
मी नळी उजेडात धरली.
एक. दोन. तीन, हिरवं.

"तिनात वळलं," मी म्हटलं. "चालेल?"
पलीकडे शेजारच्या खाटेवरचा खोकला,
कुणाच्या तरी चपला.
मग तो :
"बोंडं किती टाकलीस?"