दुसरा हप्ता

तांडापेठेत कौतिका पराते
अर्ध्या भिंतीसमोर उभी राहिली,
पदर सारखा करून.
झोन ऑफिसातला पोरगा मोबाईल धरून म्हणाला,
"मावशी, जोतं दिसू द्या जी,
नाहीतर हप्ता अडकते."

जोत्याखाली मागाचा खड्डा आहे.
त्यात पाय सोडून नवरा बसायचा.
बुजवायला अर्धा ब्रास मुरूम लागला,
तो अंदाजपत्रकात नव्हता.

पट्टा तिच्या नावाचा, खातं तिचं,
उन्हानं बारीक झालेले डोळेही तिचेच.
फॉर्मवर रकाना : पूर्वीचे बांधकाम.
त्यानं लिहिलं, कच्चे.

"कच्चं कसं बाप्पा?
चाळीस वर्षं धोटा चालला तिथं."

पोरगा हसला. सिग्नल आला, फोटो गेला.
ती बादली घेऊन भिंतीवर पाणी मारू लागली.
क्युरिंग.
हा शब्द तिला आता येतो.