सोमवारपर्यंत

ऑरिन हॉगेनच्या दुकानात दोन टांगल्यात शेजारी शेजारी.
दोन्ही पिस्ता रंगाच्या, दोन्ही बासष्ट सालच्या साच्यातल्या,
दोन्ही गेल्या उन्हाळ्यात जन्मलेल्या.
एक कोरी.
दुसरीला कारखान्यातच म्हातारी करून आणलंय,
त्याचे अकराशे डॉलर वेगळे.

मी विचारलं, हे करतं कोण?
असतात माणसं, ऑरिन म्हणाला, पगारी.
सँडपेपर, किल्ल्यांचा जुडगा,
पत्र्यावर कसलंसं आम्ल.
एका पाळीत चार गिटारी साठीला पोचतात.

मी एकतीस वर्षं डुलुथमध्ये शाळेची बस चालवली,
माझ्या खांद्याचे एवढे कुणी दिले नाहीत.

खरी होती माझ्याकडे.
मी आणि मार्लिस शनिवारी फिनिश हॉलमध्ये वाजवायचो,
सिगारेटच्या धुरानं तिचा पिस्ता पिवळट झालेला,
जुन्या लोण्यासारखा.
ब्याऐंशी साल. खाणी बंद, म्हणून धक्का बंद,
म्हणून वडील घरी.
त्यात जानेवारीत तळघरातली भट्टी बसली.
फार्गोहून एक दातांचा डॉक्टर आला,
बूट न काढता चारशे मोजून घेऊन गेला.
भट्टी अठरा वर्षं चालली.
चांगली होती भट्टी.
तिची नक्कल कुणी काढत नाही.

आधी म्हातारी मांडीवर घेतली.
जिथे रंग उडवलाय तिथे माझा हात पडेना,
दोन बोटं वरच राहिला.
मग हा कोपर कुणाचा?
कधी जन्मालाच न आलेला कुणीतरी,
माझ्यापेक्षा उंच, बाह्या दुमडणारा,
घामट,
बायकोनं दोनदा सोडलेला असावा.
त्याचं आयुष्य अकराशेला पडतं.
स्वस्त आहे म्हणा.

कोरीला असलं कुणी नाही.
काचेसारखी चकचकीत, मान थोडी चिकट,
वाजवली तर आवाज तोच, अगदी तोच,
आणि त्याचंच मला बरं वाटेना.
एवढी वर्षं मी समजत होते
तो आवाज गेला, डॉक्टरच्या गाडीतून, फार्गोला.
तो तर इथेच होता. खुंटीवर. किमतीच्या चिठ्ठीसकट.

हिचा रंग मुरायला किती वर्षं? मी विचारलं.
तीसेक, ऑरिन म्हणाला,
आणि म्हटल्या म्हटल्या खिडकीबाहेर बघायला लागला.
मी सदुसष्टची. बेरीज त्यानेही केली असणार.

सोमवारपर्यंत घरी ने, म्हणाला मग.
नाही पटली तर आण परत.
फक्त एक सांगतो, बाहेर शून्याच्या खाली बावीस आहे.
घरी गेल्या गेल्या पेटी उघडू नकोस,
रात्रभर तशीच राहू दे.
गारठ्यातून एकदम उबेत आली
की लॅकर तडकतं, मिनिटाभरात, कोळ्याच्या जाळ्यासारखं.
जुन्यांवर असतं ना, तस्सं.
मग मला परत घेता यायची नाही.

चार वाजलेत, अंधारून आलंय.
सरोवराकडून वारा घरावर थडकतोय.
पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मी समोर, कोट न काढता,
जसं दवाखान्यात बसतात.
मार्लिसचा फोन: घेतलीस का गं?
म्हटलं, अजून ठरत नाहीये.
ती म्हणाली, कुणासाठी साठवतेयस?
मी म्हटलं, भट्टीसाठी,
आणि दोघी इतक्या हसलो की मला खोकला लागला.

खाली भट्टी हुंकारते. तिसरी ही.
पेटीचं कातडं अजून गार आहे,
रात्री बाहेर राहिलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखं.
पितळी कड्यांवर दव धरलंय.
तीन कड्या आहेत.
पुसायला म्हणून हात लावला,
तर दोन निघाल्या.