खडू

नववी 'ब'ला बल शिकवत होते.
फळ्यावर न्यूटनचा पहिला नियम लिहिला,
सफरचंद काढायचं टाळलं;
ते सगळ्यांना माहीत असतं, त्यापुढचं कुणालाच नाही.

टेबलावर डस्टर ठेवून म्हटलं,
पृथ्वी याला खाली ओढतेय, टेबल वर ढकलतंय.
शेवटच्या बाकावरून वज्रकुमार मगदूम म्हणाला,
"बाई, काहीच हलंना झालंय,
मग बल हाय कशावरनं?"
वर्ग हसला.
उत्तर पुस्तकात होतं. माझ्याकडं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले.
दस्तगीरचाचा तंबोऱ्याला तार चढवत होते,
मांडीवर भोपळा, दातांत सुताचा तुकडा.
मी आपली उगीच बोलत राहिले,
की गॅलिलिओचे वडील तंतुवाद्य वाजवायचे,
तारांना वजनं टांगून ऐकत बसायचे,
वरचा सा हवा तर वजन चौपट लागतं
हे त्यांनी कानानं धरलं होतं.
आणि हूक नावाचा एक होता, ताणाचा नियम ज्याचा.
न्यूटनशी हाडवैर.
त्याचं खात्रीचं एक चित्रसुद्धा मागं राहिलं नाही.
"चित्र कशाला?" चाचा सूत थुंकून म्हणाले.
"मैफलीत तंबोरा कुणी केला, कोण इचारतंय?"

तेवढ्यात खुंटी सरकली.
षड्ज घसरला,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा.

"बाई, खडू हाय काय?"

पर्समध्ये होता, नखाएवढा, दुपारच्या तासाचा.
चाचांनी खुंटी उपसली, खडू घासला,
पुन्हा भोकात दाबून पिळली.
धरली.

"आता बघा. तार हिला रात्रंदिस ओढती.
ही म्हणती, फिरत न्हाई जा.
दोघींचं भांडण मिटलं की सूर गेला."

मी दांडीला कान लावला.
चाचांनी तार छेडलीही नव्हती अजून.
लाकूड गप्प होतं,
आणि त्या गप्प असण्यात केवढी ओढाताण.
मग बोट लागलं.

उद्या तंबोरा वर्गात नेणार आहे.
खुंटी वज्रकुमारलाच फिरवायला देईन;
तार तुटली तर तुटली,
तेही उत्तरच.

चाचांनी भाडं घेतलं नाही.
खडू ठेवून घेतला.