उसना न्यूट्रल

चहाच्या सुट्टीत आम्ही पाचजण बसतो
डंडीतल्या जुन्या तागाच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
केबलच्या रिकाम्या रिळांवर.
इथे आता फ्लॅट होणार, नदीकडे तोंड केलेले.
खिडक्यांना अजून काचा नाहीत.
टे नदीवरचा वारा आमच्या आधी
चहातली ऊब पिऊन टाकतो.

मग कुणीतरी सुरुवात करतं.

रॉरीची गोष्ट बेकरीतल्या भट्टीची.
स्क्रूड्रायव्हर भिंतीत रुतला आणि तो स्वतः
पिठाच्या पोत्यांवर, भुतासारखा पांढरा,
आणि बेकरीवाली म्हणाली, पीठ कोण भरून देणार?
आम्ही हसतो. दर वेळी तितकंच.
लॅकलन म्हणतो, माझ्या तर दाढांत चव बसली होती
तांब्याच्या नाण्याची. तीन दिवस
सूपसुद्धा सुट्टे पैसे घातल्यासारखं लागायचं.

सगळ्या गोष्टी उडून पडलेल्यांच्या.
उडून पडलेले परत येतात, चहा पितात,
दर वर्षी थोडे व्होल्ट वाढवतात.

चिकटून राहिलेल्यांच्या गोष्टी
दुसऱ्याला सांगाव्या लागतात.
मी सांगत नाही.

एकोणीस वर्षांची होते, गेडिसच्या हाताखाली.
तो म्हणायचा, एक हात खिशात, पोरी.
हातचा राखून काम करायचं.
आणि कशाला हात लावायचाच झाला
तर तळवा नाही, उलटी बाजू;
मूठ वळलीच तर तारेपासून दूर वळेल.

लॉकीतली शाळा. उन्हाळ्याची सुट्टी.
त्याने सर्किट बंद केलं, कुलूप घातलं,
लाल पट्टीवर नाव लिहिलं, तारीख, वेळ.
टेस्टर लावला. तार मेलेली.
खरंच मेलेली होती.
पण फार पूर्वी कुणा आळशाने
वीस-पंचवीस फूट तार वाचवायला
जिन्यातल्या दिव्यासाठी या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला होता,
आणि उसनं घेतल्याचं कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

न्यूट्रल सोडवून पुन्हा जोडायला दोन हात लागतात.

शाळेची राखणदारीण, मिसेस इम्री,
आम्हाला नीट दिसावं म्हणून
जिन्यातला दिवा लावायला गेली.
बटण दाबलं. दिवा लागला नाही.
तिने पुन्हा दाबलं.
दिव्यातून निघालेली वीज
गेडिसमधून घरी जायला बघत होती.

तार माणसाला धरते म्हणतात.
तसं नाही.
माणूसच धरतो, सगळं बळ एकवटून,
आणि 'सोड' म्हणणारं कुणी
त्याच्या बोटांपर्यंत पोचत नाही.
तो ओरडला नाही.
गुणगुणल्यासारखा आवाज येत होता, बंद दातांतून,
ट्रान्सफॉर्मरचा येतो तसा.
माझ्याकडे बघत होता.

मी शिडीला लाथ मारली.

खांदा मोडला. जगला तो, अकरा वर्षं.
ज्या पोरीने शिडी पाडली
तिला दर नाताळात मोज्यांची जोडी पाठवायचा.
स्वतःच्या घरात मात्र किटलीचं बटण बायको दाबायची,
आणि ती बाहेर गेली असली
तर तो तिची वाट बघत बसायचा, चहाविना.

शॉक बसतो म्हणतात.
बसलेला उठतो कधी, ते कुणी सांगत नाही.

रिळावर इशबेल गप्प आहे. नवी. आठवं आठवडं चालू.
सगळ्यांबरोबर हसते, पण कप डाव्या हातात,
आणि उजव्याची बाही बोटांपर्यंत ओढलेली.
मी बघते. अंगठ्यावर पांढरा ठिपका,
तांदळाच्या दाण्याएवढा, कडेला करडा.
काही नाही, ती म्हणते. जरासं चावलं.
सकाळी. बंद असलेल्या सर्किटवर.

रॉरीची गोष्ट अर्ध्यावर आहे, अजून पिठात पडायचाय.
मी चहा खिडकीतून ओतते.
टेस्टर घेते: आधी जिवंत तारेवर तपासायचा,
मग मेलेल्या, मग पुन्हा जिवंत.
चल, म्हणते. कुठे ते दाखव.

आणि तो हात
खिशात ठेव.