शुद्धिपत्र

तार्तूमध्ये डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
हेल्वे राउडसेप एक दिवा लावते, मग दुसरा,
मग टेबलावरचा, मान वाकवता येणारा,
तरी ओळी मधोमध विरतात.
डॉक्टर म्हणाले होते, मधलं जाईल,
कडेचं दिसत राहील.
तिला हसूच आलं.
जन्मभर दुसऱ्याच्या मजकुराच्या कडेला बसलेल्या बाईला
कडेचं दिसत राहील!

पुस्तक तिच्याकडे आहे.
तिनंच ते फिनिशमधून आणलं, ब्याण्णव साली,
एका दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट.
भेट मिळालेल्या पाचही प्रती वाटून टाकल्या
आणि नव्या चलनातल्या पहिल्या पगारातून
ही एक विकत घेतली.
पावतीसुद्धा आहे, पान साठवर, खूण म्हणून.

मोठ्या अक्षरांत ते कुणी काढलं नाही.
काढणार कोण?
अख्ख्या देशात मिळून वाचणारे किती!
आठशे प्रती खपल्या
तर प्रकाशक केक घेऊन येतो.

म्हणून रात्री, वरच्या मजल्यावरच्या राइगोनं दाखवलेल्या वाटेनं
ती फाइल उतरवून घेते.
चार सेकंद.
मांजर डोळे मिटून दूध पितं.
हिचे डोळे आपणहून मिटत चाललेत,
हा बचाव धरायचा का?

मी विकत घेतलं ते काय होतं, ती स्वतःला विचारते.
कागद? तो हा, पिवळा, माझाच.
वाक्यं? त्यांतली निम्मी तर मीच
पहाटेपर्यंत जागून बसवलेली.
स्वतःच्या घरात खिडकीतून शिरलं
तर पोलीस काय लिहून घेतील?
पण घर एकटीचं नाही.
मूळ लिहिणारी तुर्कूत वारली, तिची मुलगी असेल.
आणि ऊलो आहे,
गॅरेजात न खपलेल्या गठ्ठ्यांवर स्की ठेवणारा ऊलो.

सकाळी ती त्याच्यासमोर बारा युरो ठेवते.
"कशाचे?"
"रात्री तुझ्याकडून घेतलं. तू झोपला होतास."
सगळं ऐकून तो म्हणतो,
"मी काढलीच नाही ती आवृत्ती. किंमत कशी लावू?"
"मग दंड समज."
"दंड घ्यायला मी कोण?"
थोडा चिडलेला असतो, तिच्यावर नाही बहुतेक.
कॉफी होते. पैसे दोन कपांच्या मध्ये.
निघताना ती उचलत नाही, तोही नाही.
त्याची मांजर येऊन त्यांवर बसते.

संध्याकाळी ती वाचते, एकेक अक्षर अंगठ्याएवढं करून.
व्हिल्यांदीच्या वाचनालयाचा शिक्का.
एका पानाच्या कोपऱ्यात खराखुरा अंगठा,
नखाला निळी शाई.
चोर म्हणावं तर हा इतकाच दिसतो.
मग पान एकशे बारा.

तिच्या भाषेत भाकरी आणि सापडलेली वस्तू
यांत एकाच अक्षराचं अंतर.
छापखान्यानं ते चुकवलं होतं,
आणि तीस वर्षं तो राखणदार
वादळातून आलेल्या तिघांना
"सापडलेलं" वाटून देत होता.
ती चूक तिला झोपेतही ठाऊक होती.
कुणाला सांगितली नव्हती.

इथे त्या अक्षरावर पेन्सिलीची काट आहे,
वर बारीक, नीट, योग्य अक्षर.
वाचकाचं? अंगठेवाल्याचं?

हेल्वे कपाटातून आपली प्रत काढते,
पानं मोजत जाते बोटांनी,
पडद्यावर पुन्हा एकदा बघून घेते,
आणि अंदाजानं एक अक्षर लिहिते.
ते योग्य ओळीवर पडलं का,
तिला दिसत नाही.