पहिला गेअर

जालन्याच्या भंगारातून आलेला हब
गौस मिस्त्रींनी तरटावर ठेवला,
रॉकेलच्या चिंधीनं पुसला
आणि बोटाला थुंकी लावून
नोटा मोजाव्यात तशी भोकं मोजली.
छत्तीस.
आपल्या रिमला चाळीस.
"चार तारा कुठं जातील, ताई? माहेरी?"

सेलूत दुपारचे तीन.
सरकीचा वास, गल्लीत आडवा लागलेला कापसाचा ट्रक,
आणि माझ्या वडलांची सायकल
छताच्या हुकाला उलटी,
मागचं चाक काढलेली.

वडील देवी डॉक्टर.
डॉक्टर कसले, खात्याचे टोचणीवाले;
पदवी गावांनी दिलेली.
सायकल जिनिंगच्या मॅनेजरकडून जुनी घेतलेली,
तीन गेअर मागच्या हबच्या पोटात,
वर साल ठोकलेलं : ५२.
कॅरियरला थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात लस.
दांड्यावर टॉवेलची घडी,
घडीवर मी.

दुसऱ्या-तिसऱ्या गेअरला हब बोलायचा
टिक टिक टिक टिक.
पांदीतूनच ऐकू जायचं.
नागोराव देवीवाले आले!
पोरं कणगीमागं, बाजेखाली, तुरीत.
गाव नुसतं म्हाताऱ्यांचं उरायचं.

"ऐसा करते," मिस्त्री म्हणाले,
"खोका तुमचाच, चाळीसचा.
आतडी याची घालू."

छिन्नीवर हातोडी, टक्, टक्,
आणि सत्तर वर्षांचं काळं ग्रीस
हलव्यासारखं बाहेर आलं.
मधल्या दात्याभोवती चार बारकी चक्रं.
ॲक्सल पाव इंच लांब निघाला, वॉशर भरले.
नव्याचा ड्रायव्हर खाचांचा, आपलं चक्कर आट्यांचं,
म्हणून ड्रायव्हर जुनाच राहिला.
जे बसतं ते बसवायचं,
जे बसत नाही त्याला शिव्या नाही द्यायच्या,
डब्यात टाकायचं. कुणाच्या तरी कामी येतं.

मग जुन्यातली दोन कुत्री
(त्या नखाएवढ्या खिट्ट्यांना मिस्त्री कुत्रीच म्हणतात)
त्यांनी तळहातावर घेतली, भिंग धरलं.
"ये देखो. पहले गेअर के. नाक पूरी घिस गयी.
अब्बा कोणत्या घाटानं जायचे?"

घाट?
सेलू ते वालूर जमीन तव्यासारखी.
चढ म्हणावा तर दुधनेच्या पुलाचा.
"फिर पहला गेअर काइकू इतना?
पहिल्याला तर हब मुका असतो. आवाजच नाही."

भिंगात माझा अंगठा मोठा दिसला,
मग अंगठा वडलांचा झाला.
गावकूस जवळ आलं, शेवटची बाभळ गेली
की तो अंगठा खटका ओढायचा.
टिकटिक बंद.
मी विचारायची, दादा, थकलात?
"हो गं, चढ आहे."
आणि मला चढ दिसायचासुद्धा.

बासष्टाव्या वर्षी कळतंय
की आम्ही चोरपावलांनी शिरायचो.
माझा लाल फ्रॉक पाहून पोरी पुढं यायच्या,
नाव विचारायच्या,
तोवर दुतोंडी सुई बाहेर निघालेली असायची.
फसवलं म्हणू?
त्या पोरींच्या नातींची तोंडं
बाजारात पाहते, गुळगुळीत.
तरी म्हणावंसं वाटतंच थोडं.

मिस्त्रींनी चाक चढवलं,
गेअरची साखळी अर्ध्या आट्यानं ताणली,
सोडली, परत ताणली. कान लावून बसले.
झिजलेली कुत्री बियाण्याच्या कागदात बांधून
माझ्या हातात दिली.
"ही डब्यात नको."

स्टेशनपर्यंत तिसरा.
टिकटिक जुनीच, की मला तशी वाटली;
आतडी तर दुसऱ्याची.
गल्लीच्या तोंडाशी खटका ओढला.
शांत.
लिंबाखाली पोरं गोट्या खेळत होती,
एकानंही मान वर केली नाही.
मी थांबले, उगाचच,
एक पाय टेकवून.

चाक अजून जरासं लचकतंय,
एक तार ढिली आहे म्हणे.
मंगळवारी परत बोलावलंय.