एक मात्रा जास्त

चादरीची नक्षी काढायच्या आलेख कागदावर
मी मुलांचं पुस्तक लिहितोय.
लघूला एक चौकोन, गुरूला दोन.
ओळीला पंधरा. सोळावा रिकामा,
श्वासाला.
तेवीस वर्षं साखर पेठेत हेच करत आलो:
चौकोन भरला की जॅकार्डच्या पत्त्याला भोक,
भोक असेल तर धागा वर,
आणि एक चौकोन चुकला तर
मोराला तिसरा पाय, चारशे चादरींवर.

पहिलं पान. चित्रात खोली, कांडी, लोंबणारा दोरा.

    तुटला धागा, अडला माग.

दुसऱ्या पानावर झोळी.
आमच्याकडे लेकरं खडखडाटात झोपतात
आणि खडखडाट थांबला की उठतात.
बाहेरगावच्या मुलांना हे समजावून सांगावं का?
नको. झोळीतून एक पाय बाहेर काढला की झालं.

    बाळाला मग आली जाग,
    तुटला धागा, अडला माग.

पान उलटायचं, वर एक ओळ चढवायची,
खालच्या तशाच.
विणलेलं रुळावर गुंडाळत जातं,
काही कापून टाकायचं नसतं.

    आईला मग आला राग,
    बाळाला मग आली जाग,
    तुटला धागा, अडला माग.

चौथ्या पानावर मीच अडलो.

    कांडीवरती चहाचा डाग

सोळा. श्वासाचं घर भरून गेलं.
दोन दिवस ‘काळा डाग’ लिहून पाहिलं. माप बसलं.
पण काळा कशाचा? तेलाचा? शाईचा?
रागात आदळलेला कप गेला,
बशीतून उडालेला थेंब गेला,
उरला नुसता डाग, कुणीच न पाडलेला.

मग विडी घरकुलात यल्लय्या म्याकलकडे गेलो.
चार माग चालू होते, म्हणून ओरडूनच वाचलं,
चहाचा डाग तसाच ठेवून.
तो वाकून गाठ मारत होता, मान वर केली नाही.
“चौथी लाईन लंगडायलीय बघा.”
मात्रा हा शब्द त्याला मीच नंतर सांगितला.
त्यावर तो म्हणाला, असेल.

रात्री जेवण तसंच ठेवून बसलो.

    चहा सांडला, पडला डाग,
    आईला मग आला राग,
    बाळाला मग आली जाग,
    तुटला धागा, अडला माग.

चहा तीन, सांडला पाच.
चार-चार नाही पडत, आत ठेचकाळतं,
पण आठच्या ठोक्याला पोचतं,
गाठ असलेला धागा फणीतून निघतो तसं.
ठेवलं.

रविवारी पुन्हा गेलो, लाईट गेलेली असताना.
यल्लय्याची नात सृजना, साडेचार वर्षांची,
मांडीवर नाही, माझ्या समोर बसली, परीक्षकासारखी.
तिसऱ्या पानापासून ती माझ्या पुढे.
अक्षर ओळखत नाही, पण पान अर्धं उलटलं की
ओळ तिच्या तोंडात तयार.
मी नुसता कागद धरून बसलो.
आणि चौथ्या पानाच्या तळाशी, टाळी वाजवून:

    तुटला दारम, अडला माग!

तिची आई विड्यांचा कट्टा बांधत होती, पंचवीसचा.
दोरा दातात धरूनच म्हणाली,
“दारम नाही गं. धागा. पुस्तकातलं म्हण.”
सृजनानं पुस्तकातलं म्हटलं,
एकदाच, बारीक आवाजात.
पुढच्या फेरीला पुन्हा दारम.

घरी येऊन कागद पसरला.
धा दोन, गा दोन.
दा दोन, र एक, म एक.

पुस्तक छापायला पुण्याला जाईल.
तिथे कुणीतरी फोन करेल,
शेवटच्या पानावर एक शब्द चुकलाय म्हणेल,
मोराला तिसरा पाय.
अजून शाई फिरवलेली नाही, पेन्सिलच आहे.
पण चौकोन मी परत परत मोजलेत.
दोन, एक, एक.